पाच कसोट्या, सहा करंडक

१८७७ पासून आजपर्यंत अडीच हजारांहून जास्त कसोटी सामने झाले. त्यांतले ‘टाय’ झालेले, म्हणजे डाव संपून दोन्ही संघांच्या धावा अगदी सारख्या भरलेले, फक्त दोन. पहिला डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेनला, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांच्यात. दुसरा सप्टेंबर १९८६ मध्ये मद्रासला, चेपॉकवर, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्यात. दोन्ही सामन्यांचे मिळून ४४ खेळाडू. सचिन तेंडुलकर २०० कसोट्या खेळला, पण या ४४ जणांत तो नाही. मुंबईचे यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित उणेपुरे पाच कसोटी सामने खेळले आणि त्यांतला एक हा होता.

हिशेब करून बघा. साडेबाराशे सामन्यांत एखादा टाय, असं प्रमाण धरलं तर पाच कसोट्या खेळणाऱ्याच्या वाट्याला तो येण्याची शक्यता अडीचशेत एक. त्यातही गंमत अशी की पंडित त्या सामन्यात फलंदाज म्हणून उतरले होते. ग्लोव्हज किरण मोरे यांच्याकडे होते. पण मोरे सामन्यातच आजारी पडले आणि मद्रासच्या त्या सप्टेंबरच्या भट्टीत स्टंपांमागे उभं राहायची पाळी पंडितांवर आली. समोर डीन जोन्स ५०३ मिनिटं खेळपट्टीवर ठाण मांडून होता. त्याने २१० धावा केल्या आणि नंतर त्याला इस्पितळात नेऊन सलाइन लावावं लागलं. ऑस्ट्रेलियाने ७ बाद ५७४ वर डाव सोडला. जोन्सच्या सहनशक्तीवर आजवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्याच उन्हात मागे बसत-उठत असलेल्या बदली यष्टिरक्षकावर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. धावफलकावर त्याची खूण दोनदा दिसते. पहिल्या डावात मॅथ्यूज झेल पंडित गोलंदाज यादव, दुसऱ्या डावात रिची झेल पंडित गोलंदाज शास्त्री.

फलंदाजीत त्यांनी ३५ आणि ३९ धावा केल्या. म्हणजे ७४. पंडितांच्या सगळ्या कसोटी कारकिर्दीच्या धावा १७१. त्यातल्या ४३ टक्के या एका सामन्यातल्या, आणि ३९ ही त्यांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या. भारताला ३४८ हव्या होत्या, ३४७ झाल्या. सामन्याचा एकच चेंडू उरला असताना मनिंदर सिंग पायचीत झाला. जाता जाता एक नोंद: ब्रिस्बेनच्या टायमध्ये बॉब सिम्प्सन ऑस्ट्रेलियाकडून खेळला होता, आणि चेपॉकच्या टायमध्ये तोच ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक होता. खेळाडू म्हणून एक टाय, प्रशिक्षक म्हणून दुसरा.

पंडितांची दुसरी मोठी संधीही कुणाच्या तरी आजारपणातूनच आली. १९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, ५ नोव्हेंबर, वानखेडे. दिलीप वेंगसरकर आजारी, म्हणून पंडित आत. ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या, इंग्लंडने २५४. पंडित २४ वर पायचीत, भारत सर्वबाद २१९. कसोटी ५, एकदिवसीय ३६. आंतरराष्ट्रीय कारकीर्द एवढीच. कसोटीतली सरासरी २४.४२.

आता त्याच माणसाचं प्रथम श्रेणीचं पान उघडा. सामने १३८, धावा ८,२०९, शतकं २२, सरासरी ४८.५७. कसोटीच्या जवळजवळ बरोब्बर दुप्पट. अशी दोन पानं शेजारी ठेवली की ‘हा वरच्या दर्जाला कमी पडला’ असं म्हणणं फार सोपं असतं. मला ते पटत नाही. त्या काळात संघात यष्टिरक्षकाची जागा एक, आणि त्या जागेवर बडोद्याचे किरण मोरे. मोरे ४९ कसोट्या खेळले, १३० बळी टिपले. जानेवारी १९८८ मध्ये याच चेपॉकवर नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात १६ बळी घेतले, तेव्हा मोरेंनी त्या एका कसोटीत सहा फलंदाज यष्टिचीत केले. तो विक्रमच आहे. अशा माणसाच्या मागे रांगेत उभं राहायचं, तर वाट बघण्यातच वर्षं जातात. पंडितांची गेली. शेवटची कसोटी १९९२ च्या जानेवारीत ॲडलेडला, वयाच्या तिशीत.

यष्टिरक्षणाच्या कामाचा आवाका आकड्यांत मांडला तर डोकं गरगरतं. दिवसाची ९० षटकं म्हणजे ५४० चेंडू. गोलंदाज एका टोकाकडून टाकतो, मग फाइन लेगला जाऊन उभा राहतो. स्लिपमधल्याला काही षटकं तरी उसंत मिळते. मिडऑफचा कर्णधार विचारात गढलेला असतो. अकरा जणांत एकच जण असा, की जो दोन्ही टोकांकडून येणाऱ्या प्रत्येक चेंडूसाठी खाली बसतो, उठतो आणि चेंडू आपल्याकडेच येणार असं धरून चालतो. चार दिवसांच्या सामन्यात आपल्या संघाला ढोबळमानाने निम्मा वेळ क्षेत्ररक्षण करावं लागतं असं मानलं, तर एका सामन्यात १,०८० उठाबशा. १३८ सामन्यांच्या होतात १,४९,०४०. पंडित प्रत्येक सामन्यात ग्लोव्हज घालून उभे नव्हते आणि पावसानेही बरेच दिवस खाल्ले असणार, म्हणून यातले निम्मे काटून टाकू. तरी उरतात ७५ हजारांच्या आसपास. एका उठाबशीत कंबर अर्धा मीटर वर येते असं धरा. ही चढण सदतीस किलोमीटरची झाली. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून ८,८४९ मीटर उंच आहे. म्हणजे चार एव्हरेस्ट चढून वर आणखी दीड-दोन किलोमीटर. हात आखडून, काटकसरीने केलेला हिशेब हा.

पण मेहनतीपेक्षाही चक्रावून टाकणारी गोष्ट वेळेची आहे. वेगवान गोलंदाज ताशी १४० किलोमीटरने टाकतो तेव्हा कीपर स्टंपांमागे अठरा-वीस मीटरवर असतो. टप्पा पडून चेंडू मंदावतो, आणि बॅटची कड घेतल्यावर ग्लोव्हजपर्यंत यायला त्याला साधारण ०.६ सेकंद लागतात. इतक्या वेळात माणूस झेपावू शकतो. फिरकी गोलंदाजाला मात्र कीपर स्टंपांना चिकटून उभा असतो. बॅटपासून ग्लोव्हजचं अंतर जेमतेम दोन मीटर. टप्पा पडल्यानंतर चेंडू ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने येत असेल तर कड लागल्यापासून हातात येईपर्यंत ०.१ सेकंदाहून थोडाच जास्त वेळ. माणसाच्या डोळ्याने काही पाहून स्नायूंनी हालचाल सुरू करायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. याचा अर्थ असा, की स्टंपांजवळ पकडलेला झेल हा बघून पकडलेला नसतोच. चेंडू बॅटला लागल्याचं मेंदूला कळण्याआधी तो हातात आलेला असतो. हात आधीपासून योग्य जागी होते, म्हणून तो मिळाला. आधीपासून म्हणजे नेटमधल्या हजारो चेंडूंपासून, मनगटाच्या वळणाकडे बघत घालवलेल्या हजारो तासांपासून.

पंडित पुढे प्रशिक्षक झाले, आणि क्रिकेटचा प्रशिक्षकही असाच आधीच्या तयारीवर अवलंबून असतो. फुटबॉलचा मॅनेजर रेषेवर उभा राहून ओरडतो, मध्येच खेळाडू बदलतो. क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधाराचं राज्य, प्रशिक्षक सीमारेषेबाहेर खुर्चीत. सामना सुरू झाला की त्याच्या हाताशी फार थोडं उरतं. जे करायचं ते आधी करून ठेवायचं. म्हणूनच की काय, यष्टिरक्षकांची या कामात बरीच वर्दळ दिसते. अँडी फ्लॉवर, मार्क बाउचर, ब्रेंडन मॅक्युलम. बाउचरचे कसोटीत ५५५ बळी आणि सगळ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत यष्टिरक्षक म्हणून ९९८, असा माणूस पुढे दक्षिण आफ्रिकेचा आणि नंतर मुंबई इंडियन्सचा प्रशिक्षक झाला. अशा मोठमोठ्या आकड्यांच्या पंगतीत पाच कसोट्यांचे पंडित बसतात कुठे? करंडकांच्या रकान्यात, आणि तिथे ते पुढे आहेत.

रमाकांत आचरेकरांचे ते शिष्य. म्हणजे शिवाजी पार्क, सकाळ-संध्याकाळ नेट, दुपारी सामने आणि चुकीला माफी नाही. मुंबईच्या क्रिकेटचा खडूसपणा त्यांच्यात पुरेपूर मुरलेला. ते १९९०-९१ ची रणजी अंतिम लढतही खेळले आहेत, वानखेडेवर हरियाणाने मुंबईला दोन धावांनी हरवलं ती. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहून रडले होते तीच. कारकिर्दीच्या उतारावर ते मध्य प्रदेशकडे गेले, कर्णधार झाले, आणि १९९८-९९ मध्ये त्या संघाला अंतिम फेरीत घेऊन गेले. ठिकाण बंगळूरचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी करंडक देते, त्यामुळे शेवटचा दिवस नुसता खेळून काढला असता तरी चाललं असतं. विजय भारद्वाजने २४ धावांत ६ बळी घेतले आणि मध्य प्रदेश ९६ धावांनी हरलं.

त्यानंतर थोड्याच काळात पंडित प्रशिक्षणाकडे वळले. मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ अशी लागोपाठ दोन वर्षं तामिळनाडूला अंतिम फेरीत हरवून रणजी जिंकली, तेव्हा प्रशिक्षक तेच. ही मुंबईची ३५वी आणि ३६वी विजेतेपदं. खरं सांगायचं तर मुंबईचा प्रशिक्षक होऊन रणजी जिंकली याचं लोकांना फार कौतुक नसतं. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं ज्या संघाने करंडक कुणाला शिवू दिला नाही, तिथे जिंकणं हे कर्तव्य असतं आणि हरणं ही बातमी. २०१५-१६ मध्ये ते पुन्हा मुंबईकडे होते. श्रेयस अय्यरने त्या मोसमात १,३२१ धावा केल्या, पुण्याजवळ गहुंजेला सौराष्ट्रला एक डाव आणि २१ धावांनी हरवलं, विजेतेपद ४१वं. पुढच्या वर्षी इंदूरला अंतिम फेरीत गुजरातपुढे ३१२ चं लक्ष्य होतं. पार्थिव पटेलने (तोही यष्टिरक्षकच) १४३ धावा काढून ते गाठलं. मुंबई हरली, आणि पंडितांचं मुंबईतलं पद गेलं.

इथून पुढचे आकडे मला खरे अचाट वाटतात.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता. २०१६-१७ पर्यंत मोसम झाले साठ. साठ मोसमांत विजेतेपद शून्य. अंतिम फेरीसुद्धा शून्य. अकरा जिल्हे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वादोन कोटींच्या वर लोक, आणि नागपुरात विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं पहिल्या दर्जाचं मैदान. तेवढ्याच साठ मोसमांत मुंबईने जिंकलेल्या करंडकांची यादी करायला बसलं तर तिसापुढे जाते. एकाच राज्यातले हे दोन संघ.

२०१७-१८ ला पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले. उपांत्य सामना कोलकात्यात ईडन गार्डन्सवर, समोर करुण नायर, मयांक अगरवाल यांचं कर्नाटक. कर्नाटकला जिंकायला १९८ हव्या होत्या, १९२ झाल्या. पाच धावांनी विदर्भ. रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात १२ बळी घेतले. हा मुलगा सिव्हिल इंजिनिअर. अंतिम सामना पुन्हा इंदूरला, त्याच होळकर स्टेडियमवर, जिथे वर्षही पुरतं झालं नव्हतं तोवर पंडित मुंबईचे प्रशिक्षक म्हणून हरले होते. दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती इतिहासातली दुसरीच. पहिली १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, मुंबईविरुद्ध. मग विदर्भाच्या अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक ठोकलं, १३३. हाही यष्टिरक्षक! विदर्भाच्या ५४७ झाल्या आणि १ जानेवारी २०१८ ला, चौथ्याच दिवशी, नऊ गडी राखून सामना संपला.

विजयी फटका वसीम जाफरचा. जाफर मुंबईकडून रणजीच्या आठ अंतिम लढती जिंकला होता, हरला एकही नव्हता. ही नववी. पुढच्या वर्षी दहावी. दहापैकी दहा.

त्या यशाचं श्रेय सगळं पंडितांचं का? नाही, आणि तसं म्हणणं विदर्भावर अन्याय होईल. अकादमीतून वर आलेली पोरं होती, कर्णधार फैज फजलने मोसमभर धावांचा रतीब घातला होता, गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जींनी वेगवान गोलंदाज घडवले होते. त्याच मोसमात विदर्भाच्या १९ वर्षांखालच्या संघाने कूचबिहार करंडकही जिंकला, म्हणजे विहिरीत पाणी आधीच झिरपत होतं. पंडितांनी काय केलं, तर शिस्तीचा बडगा उगारला. त्यांच्या कडकपणाचे किस्से ते जिथे जिथे गेले तिथे ऐकू येतात, आणि त्या कडकपणावर कुरकुर करणारेही सगळीकडे भेटतात. पुढे आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सकडेही त्याचे पडसाद उमटलेच. पण पाच धावांनी जिंकलेला उपांत्य सामना बघितला की वाटतं, १९७ धावा राखायला निघालेल्या पोरांचा शेवटच्या जोडीपुढेही धीर सुटला नाही, तो त्या दिवशी सकाळी दिलेल्या भाषणातून आलेला नव्हता.

पुढच्या वर्षी विदर्भाने रणजी राखली. नागपूरजवळ जामठ्याला अंतिम सामना, सौराष्ट्र समोर. चेतेश्वर पुजारा नुकताच ऑस्ट्रेलियात मालिका गाजवून आला होता. आदित्य सरवटेने त्याला पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात शून्यावर घरी पाठवलं. सामन्यात सरवटेचे ११ बळी, विदर्भ ७८ धावांनी विजयी, चाळिशी ओलांडलेल्या जाफरच्या मोसमात १,०३७ धावा. मधल्या काळात इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० वर डाव घोषित केला, जाफर २८६. साठ वर्षं ज्या संघाला लोक गटातले हमखास गुण म्हणून बघायचे, त्याची धावसंख्या आठशे!

मार्च २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशात गेले. या प्रदेशाचा जुना आकडा वेगळ्याच जातीचा आहे. संस्थानी काळात इंदूरचा होळकर संघ रणजी खेळायचा, कर्णधार सी. के. नायडू. नायडूंचा जन्म नागपूरचा, म्हणजे पंडितांनी मुंबईबाहेर जिथे जिथे करंडक नेला त्या दोन्ही प्रांतांशी या एकाच माणसाचं नातं. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने ४६२ आणि ७६४ केल्या, होळकरने ३६० आणि ४९२. एका सामन्यात २,०७८ धावा. होळकरपुढे लक्ष्य ८६७ चं होतं, आणि डेनिस कॉम्प्टन हा इंग्लंडचा फलंदाज त्यांच्याकडून नाबाद २४९ खेळला तरी ते ३७४ धावांनी हरले. पुढच्याच मोसमात होळकरने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, एका डावात सहा शतकवीर. होळकरने चार वेळा रणजी जिंकली, शेवटची १९५२-५३ ला. मग संस्थानं गेली, संघ मध्य प्रदेश झाला आणि करंडक गेला तो गेलाच. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ७ कोटी २६ लाख, म्हणजे क्रिकेट जिथे जन्मलं त्या इंग्लंडपेक्षा जास्त.

२२ जून २०२२. चिन्नास्वामी स्टेडियम. मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. २३ वर्षांपूर्वी पंडित जिथे कर्णधार म्हणून हरले होते तेच मैदान. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार, तेही आचरेकरांच्याच हाताखाली तयार झालेले. मुंबईच्या सरफराज खानने त्या मोसमात सहा सामन्यांत ९८२ धावा केल्या, सरासरी १२२.७५. या अंतिम सामन्यातही त्याच्या १३४ झाल्या आणि मुंबईच्या ३७४. मध्य प्रदेशकडे व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान नव्हते, ते भारतीय संघाबरोबर होते.

मग मध्य प्रदेशने जे केलं ते बघणाऱ्याला कंटाळा आणणारं आणि मुंबईला गुदमरवून टाकणारं होतं. १७७ षटकं फलंदाजी. हजारावर चेंडू. यश दुबेने १३३ साठी ३३६ चेंडू घेतले. शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. एकूण ५३६. जी गोष्ट मुंबई गेली ऐंशी वर्षं इतरांशी करत आली, ती तिच्याशी एका मुंबईकराने करवून घेतली. दमवायचं, आघाडी घ्यायची, मग घाई समोरच्याला करू द्यायची. मुंबईला घाई करावीच लागली. दुसरा डाव २६९, मध्य प्रदेशला हव्या होत्या १०८, त्या चार गडी गमावून झाल्या. ६९ वर्षांनंतर करंडक इंदूरला. खेळाडूंनी पंडितांना खांद्यावर घेतलं आणि इतका कडक माणूस सगळ्यांसमोर रडला.

आता बेरीज. २०१५-१६ पासून २०२१-२२ पर्यंत रणजीचे सहा मोसम झाले, करोनामुळे २०२०-२१ चा झालाच नाही. या सहापैकी पाच अंतिम सामन्यांत पंडितांचा संघ होता आणि चार त्यांनी जिंकले. संघ तीन. त्या चार मोसमांत स्पर्धेत अनुक्रमे २७, २८, ३७ आणि ३८ संघ होते. सगळे संघ तुल्यबळ आहेत असं मानून कुणी डोळे मिटून चारही विजेते आधीच सांगायचे म्हटले तर शक्यता १०,६२,९३६ मध्ये एक. अर्थात सगळे संघ तुल्यबळ नसतात, मुंबई तर नाहीच. म्हणून मुंबई वगळून विदर्भाची दोन आणि मध्य प्रदेशचं एक एवढीच विजेतेपदं धरली तर ३९,३६८ मध्ये एक. पण मग उलट आक्षेप येतो. हे दोघे तर सरासरीपेक्षाही मागचे, तोवर एकदाही न जिंकलेले. त्यांची शक्यता याहूनही कमी धरायला हवी. हा कागदावरचा खेळ आहे हे मान्य, तरी आकडा कुठल्याही बाजूने ओढला तरी छोटा होत नाही.

२००२-०३ आणि २००३-०४ ची दोन धरून रणजी करंडक सहा.

ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. परदेशी प्रशिक्षकांच्या गर्दीत हा शिवाजी पार्कचा माणूस. पहिल्या वर्षी संघ सातवा आला, २०२४ ला पहिला. अंतिम सामना २६ मे २०२४ ला चेपॉकवर झाला. हैदराबाद १८.३ षटकांत ११३, आयपीएलच्या अंतिम सामन्यातली नीचांकी धावसंख्या. कोलकात्याने त्या १०.३ षटकांत काढल्या. दोन्ही डावांचे मिळून १७४ चेंडू. दोन वर्षांपूर्वी यश दुबे एकटा जितके चेंडू खेळला होता, त्याच्या जवळपास निम्म्यात अख्खा अंतिम सामना आटोपला. त्या सामन्यात चमकलेला मिचेल स्टार्क कोलकात्याने २४ कोटी ७५ लाखांना घेतला होता. रणजीत चाळिसाहून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूला २०२१ च्या वाढीनंतर दिवसाला ६० हजार मिळू लागले, चार दिवसांचे २ लाख ४० हजार. त्या दराने स्टार्कच्या एका मोसमाची किंमत वसूल करायला १,०३१ रणजी सामने खेळावे लागतील. इतिहासात सर्वाधिक रणजी सामने खेळलेला माणूस वसीम जाफर, त्याचे १५६. म्हणजे साडेसहा जाफर लागतील.

मला स्वतःला आयपीएलच्या त्या करंडकापेक्षा विदर्भाच्या पुढच्या आकड्यांत जास्त रस आहे. पंडित तिथून गेले तरी ते थांबले नाहीत. पहिल्या साठ मोसमांत अंतिम फेरी शून्य. २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंत रणजीचे सात मोसम झाले, त्यांत विदर्भ चार वेळा अंतिम फेरीत, तीनदा विजेता. २०२३-२४ ला वानखेडेवर मुंबईने त्यांना १६९ धावांनी हरवून ४२वं विजेतेपद मिळवलं, पण चौथ्या डावात ५३८ च्या लक्ष्याचा पाठलाग करताना विदर्भाच्या कर्णधाराने शतक काढलं होतं. वर्षभराने, मार्च २०२५ मध्ये, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर त्यांनी करंडक परत नागपूरला आणला. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. विदर्भाचा कर्णधार दोन्ही वेळा अक्षय वाडकर, आणि हर्षच्या गोलंदाजीवर स्टंपांमागे ग्लोव्हज घालून बसलेलाही तोच.